लाल धाग्याचा आरसा

"या केंद्रात जात, धर्म वा पंथ न पाहता प्रत्येक रुग्णाची तपासणी एकाच पद्धतीने केली जाते."

परभणी जिल्ह्यातल्या गंगाकाठच्या एका गावात, धर्मादाय दंतकेंद्राच्या दारावर हा फलक निळ्या अक्षरांत रंगवलेला होता. वाक्य निर्दोष होते. माझी शंका एवढीच, की असे वाक्य कोणाला रंगवून घ्यावेसे का वाटले? 'आमच्या पेढ्यांत माती नसते' अशी पाटी सोनपेठच्या बाजारातला कोणताही हलवाई लावत नाही.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. भांग पाडायचा नव्हे, दंतवैद्याचा. लांब पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला रुपयाएवढी काच, एवढाच माझा देह. दूरच्या शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका जुळ्या भावासह मी या केंद्रात आलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात गावोगाव दलितांची घरे जळाली, त्याला तेव्हा सहा-सात वर्षे झाली होती. त्या वादाविषयी कोणी विचारले, की आमचे डॉक्टर बन्सीधर म्हणत, "तो वाद विद्यापीठाचा. माझ्या खुर्चीत फक्त दात बसतात." ऐकणारे माना डोलावत.

जे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, ते मी पाहतो. वरच्या मागच्या दाढा तर माझ्यावाचून दिसतच नाहीत. दाढेवरचा बारीक काळा खड्डा ही किडीची सुरुवात. तो कोरून चांदी भरली, की दाढ पुढे कित्येक वर्षे चालते. कीड आतल्या नसेला भिडली, तर ठणका सुरू होतो. तेव्हाही नस काढून मूळ भरता येते. पण त्यासाठी शहर गाठावे लागते. हिरडीच्या कडेला पिवळा थर दगडासारखा चिकटला, की रक्त येते. तो थर खरवडून काढतात. दाढ उपटणे हा शेवटचा उपाय. आमच्या केंद्रात मात्र पहिल्या उपायांचे रुग्ण भावाच्या वाट्याला येत आणि शेवटच्या उपायाचे माझ्या. हा योगायोग मला फार काळ पटला नाही.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या दांडीला लाल धागा गुंडाळला होता. मला तो मान वाटला. नवी वस्तू, दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल! शिवाय प्रत्येक रुग्णानंतर मला खळखळ उकळत. भावाला नुसते फडक्याने पुसत. माझी बडदास्त पाहून त्याला हेवा वाटत असेल, अशी माझी समजूत होती. पुढे लक्षात आले, की माझ्याकडे येणारी सगळी तोंडे गावकुसाबाहेरच्या बौद्धवस्तीतली आहेत. मानावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

सतत उकळून माझ्या काचेमागचा पारा एका कडेला उडाला आणि तिथे काळा डाग पडला. वस्तीतले तोंड फार वेळ पाहायला लागू नये, म्हणून डॉक्टर मला घाईने एकाच बाजूने आत घालत आणि लगेच काढत. त्यामुळे तो डाग प्रत्येकाच्या उजव्या वरच्या दाढेवर दिसे. मला क्षणभर हलवले असते, तर डाग दाढेवरून सरकला असता. कीड सरकत नाही. पण हलवायला तिथे थांबावे लागते.

एका बाजाराच्या दिवशी दगडाबाई आली. वस्तीतली, रोजाने खुरपायला जाणारी. तिच्या खालच्या दाढेत घास अडकून ठणका लागे.

"खालची गेली. वरचीही किडली आहे. दोन्ही काढू," डॉक्टर म्हणाले.

"वरची तर दुखतबी न्हाई, साहेब."

"डाग मला दिसतोय की तुला?"

दगडाबाईने पदराची गाठ सोडली आणि एक दाढ माझ्या शेजारी तबकात ठेवली. "माझ्या सासूच्या, चांगुणाबाईच्या, दाढंवर बी तुमाला असाच डाग दिसला व्हता. ही तिची दाढ. हिच्यात भोक कुठं हाय, तेवढं दावा."

दाढ दाण्यासारखी अखंड होती. डॉक्टरांनी ती उलटसुलट केली. "आतून किडते कधी कधी."

"आसंल. मंग त्या दुसऱ्या आरशात बघा की माझं तोंड."

बाकावर केंद्राचे विश्वस्त माणिकराव सुजलेल्या हिरड्या घेऊन बसले होते. ते हसले. "दगडे, आरशाआरशात काय फरक आसतो गं? दाढ दावायला आलीस का नटायला?"

"फरक न्हाई ना, मालक?" ती वळली. "आयकलं का, साहेब? मंग ह्यो धाग्याचाच घाला मालकाच्या तोंडात. लय सुजलंय त्यांचं."

माणिकराव दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे राहिले. बोटांच्या फटीतून आवाज आला, "बन्सीधर! जवळ आणून तर बघ!"

साऱ्या केंद्रात उकळलेला आरसा मी एकटाच होतो. ज्या भावाला ते आपला समजत, तो डझनभर थोरामोठ्यांच्या तोंडांतून नुसता पुसून आलेला होता. त्यांची सूज कुठून आली, हे मी सिद्ध करू शकत नाही. संशय घेऊ शकतो.

दगडाबाईने सासूची दाढ पुन्हा पदरात बांधली आणि तडक परभणीची एसटी धरली. तिथे खालच्या दाढेत चांदी भरली गेली. वरचीला कोणी हात लावला नाही. ती निरोगीच होती. हे मी उकिरड्यावर पडून ऐकले, कारण दुसऱ्याच सकाळी मला खिडकीतून फेकण्यात आले.

मित्रांनो, जेवल्यावर चूळ भरा, रात्री दात घासा, मिशरी सोडा. बारीक खड्डा दिसला, की ठणक्याची वाट पाहू नका. कोणी 'काढू' म्हणाले, तर 'भरता येईल का?' असे विचारा. आणि हत्यार तोंडात जाण्यापूर्वी ते उकळले आहे का, त्याला धागा आहे का आणि असल्यास कशासाठी, हेही विचारा.

फलक अजून दारावर आहे. त्याच्याखाली आणखी एक वाक्य रंगवावे, एवढीच माझी विनंती. तोंड झाकून उभ्या राहिलेल्या माणिकरावांना डॉक्टर बन्सीधरांनी सर्वांसमक्ष जे सांगितले, ते. काना-मात्रा न बदलता:

"बसा हो माणिकराव, घाबरू नका. तो तुमच्या तोंडात जाऊ नये, म्हणूनच तर मी त्याला धागा बांधलाय."