दोन डांबराच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. लीड्समधल्या एका घराच्या मागच्या भिंतीवर, आयव्हीच्या वेलीत मी टांगलेली आहे. पाखरांनी राहावं म्हणून मला केलं. दिसायला मी यथातथाच. डॉक्टर माधव माणसं नीट शिवतात, पण सुतारकाम त्यांच्या हाताला नाही. माझं छप्पर डावीकडे कललंय ते जन्मापासून. पुढे जुन्या रुपयाएवढं भोक आहे, तोच माझा दरवाजा.

हे १९८४ सालचं. डॉक्टरांच्या मुलीला, वीणाला, बागेत रेन हवे होते. रेन म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. शेपटी सदा वर आणि आवाज अंगापेक्षा दसपट. वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग शहाऐंशीचा फेब्रुवारी आला आणि दुधाच्या बाटल्या दारातच गोठायला लागल्या. एका संध्याकाळी एक रेन आत शिरला, मागून दुसरा, तिसरा. वीणाने खिडकीतून मोजले, अकरा होते. सगळा महिना ते माझ्या पोटात एकमेकांना बिलगून झोपले. एकही दगावला नाही. तेव्हा मला आपल्या वाकड्या छपराचाही अभिमान वाटला.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो यमुना आजींना. आजी म्हणजे डॉक्टरांच्या आई, मिरजेहून आलेल्या. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं, मग बोलायला कोण? त्या खिडकीशी बसून रेनशी बोलत. त्यांना त्या 'टिल्लू' म्हणत.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आजींनी घर डोक्यावर घेतलं. मलाही उतरवलं, आतला किडका कचरा काढला, कढत पाण्याने धुतलं. वर, माझ्यात पुन्हा कीड पडू नये म्हणून मलमलीच्या चिंधीत दोन डांबराच्या गोळ्या बांधून आतल्या खिळ्याला अडकवल्या. रेशमी साड्यांत ठेवायच्या त्याच. "आता या म्हणावं खुशाल," असं म्हणत त्यांनी मला परत टांगलं. तो वास त्यांना लहानपणापासून स्वच्छतेचा वाटत आलेला. मला मात्र गुदमरल्यासारखं झालं, पण मी कुणाला सांगणार?

जानेवारीत बर्फ पडला. मागचं दार उघडेना. डॉक्टर हॉस्पिटलातच अडकले, वीणाची शाळा बंद. संध्याकाळी टिल्लू आले. पहिला आत शिरला आणि लगेच बाहेर पडला. दुसऱ्याने नुसतं डोकं घातलं. सगळे वेलीवर रांगेत बसले, पिसं फुगवून, माझ्याकडे बघत. खिडकीआडून आजी काचेवर बोट वाजवत होत्या. "अरे, जा ना आत. तुमचंच घर आहे ते."

मित्रांनो, इतकी अगतिक मी कधीच नव्हते. मला त्या गोळ्या थुंकून टाकायच्या होत्या. लाकडाला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी सात आले. तिसऱ्या दिवशी तीन. त्यानंतर कुणीच आलं नाही.

बर्फ उतरल्यावर वीणा बूट घालून आली. कुंपणाखाली तिला दोन टिल्लू सापडले, शेपट्या अजून वरच. ते तळहातावर घेऊन ती माझ्यापाशी आली आणि तिने भोकाला नाक लावलं.

"आजी," ती म्हणाली, "इथे तुझ्या साड्यांचा स्मेल येतो."

आजी शाल सावरत बाहेर आल्या. त्यांनी ती चिंधी काढली आणि मुठीत धरून तशाच उभ्या राहिल्या. वीणा म्हणाली, "इट्स ओके, आजी." त्यांनी नुसती मान हलवली. मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, आणि तेही मला जमणारं नव्हतं.

त्यांनी मला तीनदा धुतलं. वास हटला नाही. एप्रिलमध्ये त्या मिरजेला परत गेल्या. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे: टिल्लू आले का? वीणा बागेत येऊन मला हुंगायची आणि आत जाऊन 'नाही' असं लिहायची.

असे तीन हिवाळे गेले. एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला. तिन्हीसांजेला एक रेन आला. भोकाशी थबकला. मग आत आला आणि माझ्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसला. तो एकटाच होता.

मिरजेत आजी झोपल्या असतील, हे वीणाच्या ध्यानातही आलं नाही. फोनची दोरी मागच्या दारापर्यंत ताणून ती माझ्याकडे बघत बोलत होती. "आजी, एक आलाय. हो, आत बसलाय." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "नाही आजी. मी आत काहीच ठेवलं नाही."

मित्रांनो, तुम्हीही पाखरासाठी घर टांगाल, तेव्हा ते स्वच्छ करा आणि रिकामं ठेवा. आपल्याला जे चांगलं वाटतं ते त्यांना सोसतं की नाही, हे पाखरं सांगू शकत नाहीत. आणि मीही नाही.