जेटीवरची डेल्सी

बर्थाच्या डेल्सीला अठरा पूर्ण झाली आणि विशेष शाळेने तिला सन्मानाने बाहेर काढायचं ठरवलं. त्याआधी 'पुढे काय' म्हणून पालकांना एकेक करून बोलावलं. सल्ला द्यायला बाहेरून जानकी मॅडम आल्या होत्या. त्यांच्याकडे तीन पर्याय होते: मेणबत्त्या, कागदी पिशव्या आणि उटणं. डेल्सीच्या आधी आत गेलेल्या सहाही मुलांना त्यांनी मेणबत्त्या दिल्या होत्या. मालवण तालुक्यातली वीज कायमची गेली असती तरी कुणाचं अडलं नसतं.

डेल्सीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय आखडलेले, त्यामुळे बॅटरीच्या तीनचाकीवर फिरते. शब्द एकेक करून, मध्ये थांबत बाहेर पडतात. डोकं मात्र चोख आणि जीभ तिखट.

"हिला काय आवडतं?" मॅडमनी बर्थाला विचारलं.

"तिलाच विचारा ना, ती इथेच बसली आहे."

मॅडम वाकल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "बाळा, तुला काय करायला आवडेल?"

"माका... मेणबत्त्यो... करूच्यो नाय," डेल्सी म्हणाली. "जेटीर बसान... होड्यांचे नंबर... लावचे आसत."

मॅडमनी कागदावर लिहिलं: समुद्राची आवड. पुढे लिहिलं: मेणबत्त्या.

देवबागच्या त्या जेटीवरून बावीस होड्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. आधी कुणाची होडी सुटायची यावरून रोज तंटा. बर्था तिथेच संध्याकाळी दोन तास कोकम सरबत विकते आणि डेल्सी लहानपणापासून तिच्याशेजारी बसून ही भांडणं बघत आलेली. कुणी कधी कुणाची पाळी मारली, सगळं तिला पाठ. बर्था होडीवाल्यांच्या म्होरक्याकडे, भिकाजीकडे गेली.

"आठ दिवस बसवन बघ. नाय जमला तर मेणबत्त्यो आसतच."

भिकाजी लगेच हो म्हणाला. नंबर लावणारी आधीची तीन माणसं पळून गेली होती, त्यातला एक मार खाऊन.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बायकोमुलांसह पर्यटकांची रांग मोडून पुढे आला आणि आपली वरपर्यंत ओळख असल्याचं सांगू लागला. डेल्सीने उत्तर सुरू केलं. "तुमचो..." मग थांबली. "नंबर..." पुन्हा थांबली. गृहस्थाला मध्येच ओरडताही येईना, कारण सगळी रांग कान देऊन ऐकत होती. "चौदावो" हा शब्द पोचेपर्यंत त्याचा राग निवला होता आणि बायको सावलीत जाऊन बसली होती.

"हिच्याशी भांडाक लय येळ लागता," भिकाजी कौतुकाने म्हणाला.

घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होता. जेटीवरच्या संडासाला तीन पायऱ्या आणि दार इतकं अरुंद की धडधाकट भिकाजीसुद्धा आडवा होऊन शिरायचा. घर दोन किलोमीटर लांब. डेल्सीने सकाळपासून पाणी प्यायचंच सोडलं. पाचव्या दिवशी भर रांगेसमोर तिचे कपडे भिजले, आणि त्याच संध्याकाळी तापही भरला.

"पुरे झाला," बर्था तिचं अंग पुसताना म्हणाली. "मेणबत्त्यो तरी घरात बसान करशीत."

डेल्सी भिंतीकडे तोंड करून रडली.

ताप उतरल्यावर मात्र तिने आईला होडीवाल्यांच्या बैठकीला न्यायला लावलं. तिथे बावीस पुरुष बसले होते.

"माका... मुताक... जागा नाय," डेल्सी म्हणाली. "तुमी... सुरूच्या झाडाआड... जातास. माका... तसा जमणा नाय."

बावीस जणांनी आपापले पाय न्याहाळले.

"ही बायकांची बोलणी आसत. हय नको," मागून कुणीतरी पुटपुटला.

"तुजी बायल मुतणा नाय?" बर्थाने विचारलं.

सोमवारी गवंडी आला. पायऱ्या फोडून उतार केला, तो इतका उभा की तीनचाकी मागे घसरली आणि भिकाजीने ती पोटावर झेलली. डेल्सीने गवंड्याला तीनचाकीत बसून स्वतः वर जायला सांगितलं. दोनदा मागे आल्यावर त्याने मुकाट्याने उतार फोडला आणि लांबवून केला. दार रुंद झालं, दोन्ही भिंतींना पाइप बसले. धरायला काही मिळालं की डेल्सी आपली आपण उठते.

काम पुरं झालं त्या दिवशी ती सगळ्यांसमोर दोन पेले सरबत प्यायली आणि वेळ आल्यावर तिने रांगेला सांगितलं, "थांबा... येतय." रांग थांबली.

आता पूर्ण हंगाम ती जेटीवर असते. तंटे अजून होतात, कमी होतात इतकंच. पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर तिने चार महिने काय करायचं, ते काही ठरलेलं नाही. बर्थाने परवा तो विषय काढलाच.

"बाविसय जण... चार म्हयने... नुसते झोपतत," डेल्सी म्हणाली. "तू माकाच... कित्याक इचारतंस?"