चौथीच्या बाई

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण ज्याने काढली, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. माझी ताई गेली आणि मी जगले. तिची लेक ठमी माझ्याकडे आली. यात कुणाचं काय भलं झालं, ते त्याने मला समजावून सांगावं.

ताई आणि मी, दोघीही सरकारी शाळेतल्या मास्तरणी. फरक एवढाच, की ताई हाडाची शिक्षिका आणि मी पोटाची. आमचं राज्य अवाढव्य, पोरं उदंड आणि शिक्षक शोधून सापडत नाहीत. म्हणून खात्याने डोकं लढवलं. चांगले शिक्षक निवडायचे, त्यांचे पाठ चित्रित करायचे आणि ते रोज सगळ्या शाळांच्या पडद्यांवर एकाच वेळी सोडायचे. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, शेळ्या चरल्याशी मतलब. चौथीच्या गणित आणि भाषेसाठी तिची निवड झाली आणि वर्षभराचे पाठ तिने एका सुट्टीत उरकून टाकले.

त्यानंतर तिचं दुखणं निघालं आणि ते तिला घेऊनच गेलं. ठमी तेव्हा दुसरीत होती. आईने आपल्याला शिकवावं म्हणून ती पहिलीपासून हट्ट करायची. ताई सांगायची, “आधी चौथीत ये, मग बघते तुझ्याकडे.” मेहुणे ट्रक चालवतात. महिन्यातले निम्मे दिवस ते रस्त्यावर असतात, तेव्हा पोर माझ्याकडेच राहिली. ताईच्या शाळेतली रिकामी जागा मी मागून घेतली.

शाळेत एक लांबट खोली आहे. तिच्या एका टोकाला चौथी, दुसऱ्या टोकाला पाचवी आणि मधे पुस्तकांचं कपाट. दोन वर्गांना मिळून मी एकटी. पडदा चालू करायचा, वह्या तपासायच्या, भांडणं सोडवायची आणि डुलक्या काढणाऱ्यांना उठवायचं, हे माझं काम. शिकवतात पडद्यावरची माणसं.

ताईला एक खोड होती. प्रश्न विचारला की ती थांबायची. चित्रीकरण करणारे तिला म्हणत, बाई, असं गप्प राहून कसं चालेल, वेळ फुकट जातो. ती म्हणायची, पोरांना विचार करायला वेळ नको का? म्हणून पडद्यावर ती प्रश्न विचारते, मान जरा तिरकी करून समोर बघत राहते आणि मग म्हणते, “शाब्बास. बरोबर.” राज्यातल्या प्रत्येक पोराला वाटतं, बाई आपल्यालाच म्हणाल्या. ज्याने चुकीचं उत्तर दिलं, त्यालाही तसंच वाटतं आणि तो खूश होतो.

ठमी चौथीत आली त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने वेणी घातली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. पडद्यावर ताई आली. अर्ध्याचं अर्धं किती, असं तिने विचारलं आणि ती थांबली. ठमी उभी राहिली.

“पाव, बाई.”

ती ‘बाई’ म्हणाली, ‘आई’ नाही. शाळेत आई नसते, बाई असतात, हा ताईच्या घरचा जुना दंडक होता आणि मलाही शाळेत ती ‘बाई’ आणि ‘तुम्ही’च म्हणायची. पडद्यावरून शाब्बासकी आली. ठमी खाली बसली आणि वहीत लिहू लागली. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

वर्षभर हे असंच चाललं. घरी ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मात्र एकदा अंगात ताप असताना तिने शाळा चुकवायला साफ नकार दिला. चेहरा लालबुंद, डोळे मिटत होते, पण बाईंनी विचारलं की उत्तर तयार. मी रागावले, दटावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसले.

वर्ष संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी मी तिच्या फ्रॉकची शिवण उसवत होते. तिने विचारलं, “मावशी, पाचवीत गणित कोण शिकवतं?”

मी म्हटलं, पडद्यावरचे चष्मेवाले सर. आणि भाषा? तीही तेच. मग मी घाईघाईने सांगून टाकलं, की त्यात काय एवढं, आईचे सगळे पाठ मी फोनवर घेऊन ठेवते, तू कधीही लावून बघ.

“तेव्हा ती मला शिकवणार नाही ना पण,” ती म्हणाली. “मी नुसती बघणार.”

मी शिवण उसवत राहिले.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगते. आमच्या राज्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करतच नाहीत, तसा नियमच आहे. पण हे पोरांना कळलं तर आम्हाला विचारतो कोण? म्हणून झाडून सगळे मास्तर-मास्तरणी दम देतात, “अभ्यास करा, नाहीतर नापास करून परत त्याच वर्गात बसवीन.” शेतातलं बुजगावणं असतं ना, तसला हा दम. मीही तो दिवसातून दोनदा द्यायचे. बाकीची पोरं त्याला भ्यायची. ठमीला त्यात वाट दिसली.

वार्षिक परीक्षा टॅबवर असते. प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर बोट ठेवायचं आणि शेवटी निकाल लगेच समोर येतो. त्या दिवशी ठमीचं सगळ्यांच्या आधी झालं. हाताची घडी घालून ती बसली होती, चेहरा शांत. कित्येक दिवसांत तिला असं पाहिलं नव्हतं. मी मागून वाकून बघितलं. गुण शून्य.

वर्गातला अगदी ढ पोरगा घ्या. त्याने डोळे मिटून बोटं मारली तरी चार-दोन उत्तरं बरोबर येतात. सगळीच्या सगळी चुकवायची तर सगळी यावी लागतात. तिथे उभ्या उभ्या मला सगळं कळलं. एवढ्यात टॅबवर वाजंत्री वाजली, वरून रंगीत फुलं पडली आणि मोठ्या अक्षरात आलं, ‘अभिनंदन! तुम्ही पाचवीत गेलात!’

ठमीने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“बाई, हे चुकलंय,” ती म्हणाली. “मी नापास आहे.”

“नापास कुणीच होत नाही गं.”

“पण तुम्ही म्हणाला होतात.”

तिने माझा पदर धरला.

“मावशी, तू म्हणाली होतीस.”

त्यानंतर ती जी रडली, तशी ताई गेली तेव्हाही रडली नव्हती. आजूबाजूला पोरं आपापली फुलं एकमेकांना दाखवत होती.

मी खात्यातल्या साहेबांना फोन लावला. एका मुलीला चौथीतच ठेवायचंय, असं सांगितलं. ते हसले. म्हणाले, बाई, आजवर पास करा म्हणून फोन आले, हे नवीनच. मग मी कारण सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, तशी सोयच नाही, नापासचं बटणच ठेवलेलं नाही. माणूस वाईट नव्हता. फोन ठेवताना म्हणाले, “माझी मुलगी गणिताला घाबरायची. तुमच्या ताईंमुळे तिची भीती गेली.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण माझा संताप संताप झाला. अख्ख्या राज्याची पोरं ताईला वाटून घेणार, यंदाही, पुढच्या वर्षीही. जिची ती आई, तिचीच पाळी तेवढी संपली. मी चुलीपाशी बसून त्या साहेबांना, खात्याला आणि ताईलासुद्धा मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले.

नवं वर्ष सुरू झालं. ठमी कपाटाच्या पलीकडे, पाचवीत. चष्मेवाले सर अजून यायचे होते, म्हणून मी पाचवीला शुद्धलेखन दिलं आणि चौथीचा पडदा लावला. ताई आली. अर्ध्याचं अर्धं किती, तिने विचारलं आणि मान तिरकी करून ती थांबली. चौथीची नवी पोरं चिडीचूप. कपाटापलीकडे ठमीची पेन्सिल थांबली होती. डोळे वहीत आणि ओठ घट्ट मिटलेले. ती आता उठेल, असं मला वाटलं. उठली तर मी तिला बस म्हणणार नव्हते.

ती उठली नाही. चौथीतली एक चिमुरडी पुटपुटली, “पाव.” ताई म्हणाली, “शाब्बास. बरोबर.” ठमीची पेन्सिल पुन्हा चालू लागली.

मधल्या सुट्टीत ती चिमुरडी कपाटाला वळसा घालून ठमीपाशी आली. मी वह्या आवरत होते. तिला विचारायचं होतं, की बाई मघाशी शाब्बास म्हणाल्या, ते खरंच मला ना? माझं उत्तर कुणालाच ऐकू आलं नाही, मग बाईंना कसं आलं?

ठमीने तिच्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या वह्या हातातच राहिल्या.

“तुलाच म्हणाल्या,” ठमी म्हणाली. “पण उद्यापासून उभं राहून सांग, मोठ्यांदा. त्यांना आवडतं.”