जुनी किल्ली

संसर्गकक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, म्हणून रुग्णाच्या खाटेसमोर कॅमेरा बसवलेला असे. त्यातून चित्र आणि आवाजाचे एकच कुलूपबंद प्रक्षेपण निघे आणि ज्याच्याकडे त्या कुटुंबाची सांकेतिक किल्ली असेल त्याच्याच पडद्यावर ते उघडे. आकारणी माणशी, मिनिटावर. एखाद्याला गटातून काढले, की त्याच्याजवळची किल्ली निकामी व्हावी म्हणून कॅमेऱ्याला आणि उरलेल्यांना नवी द्यावी लागे.

त्या दुपारी हे प्रक्षेपण सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या मास्तरांना एका रुग्णाच्या मुलाचा फोन आला.

"माझ्या बहिणीला गटातून काढा."

"आईंची तब्येत फार नाजूक आहे, दादा. आजचा दिवस राहू द्या."

"आई धडधाकट होती तेव्हा फिरकली नाही, आता माझ्या पैशावर बसून बघतेय. काढा म्हटलं ना! मीटर तुमचा पळतोय, खिसा माझा फाटतोय."

पैसे भरणाऱ्याचा शब्द अखेरचा, असा नियम होता. नवी किल्ली मिळाल्याची पोच कॅमेऱ्याकडून आल्यावरच ती गटाला लागू करायची, हा क्रम मास्तरांनीच घालून दिलेला. पण कानाशी "झालं का? झालं का?" चालले होते. पोच येण्याआधीच त्यांनी गटाला नवी किल्ली लागू करणारी कळ दाबली.

मुलाचा पडदा काळा पडला. पाठोपाठ मामाचा, मावशीचा. त्यांच्याकडे नवी किल्ली आली होती, पण कॅमेरा जुन्याच किल्लीवर अडकला होता.

"अहो, तिला काढायचं होतं, मला नाही!"

मास्तरांनी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. चित्र परतले तेव्हा परिचारिका आईंच्या चेहऱ्यावर चादर ओढत होती.

मुलाने विचारले,

"रेकॉर्डिंग असेल ना?"

"नाही. ठेवायची परवानगीच नाही."

"म्हणजे आईला जाताना कोणीच पाहिलं नाही?"

"तुमच्या ताईंनी पाहिलं असणार. जुनी किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. चूक माझी आहे."

"तिला विचाराल का, साहेब? आई काही बोलली का, एवढंच. माझा फोन ती उचलायची नाही."

मास्तरांनी त्याला थांबवून ठेवले आणि दुसऱ्या फोनवरून ताईंना गाठले. काय घडले ते आणि भावाचा प्रश्न त्यांनी ऐकून घेतला.

"बोलली," त्या म्हणाल्या. "आणि त्या मिनिटांचं बिल माझ्या नावावर टाका. त्याचा एक पैसा नको त्यात."

ताईंनी फोन ठेवला. दुसऱ्या फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? साहेब? काय म्हणाली ताई?"