आत किती जण आहात?

कंपनी लिफ्टच्या देखभालीची. मालक दोन, सख्खे भाऊ, आणि गेली सहा वर्षं एकमेकांशी अबोला. भांडण वडिलांच्या केबिनवरून झालं. वडील गेल्यावर तिथे कोणी बसायचं हे ठरेना, म्हणून केबिनला कुलूप लागलं. आता आत वडिलांची खुर्ची आणि कंपनीचं टेलिफोन एक्स्चेंज, असे दोघंच राहत होते.

थोरले दुसऱ्या मजल्यावर बसत, धाकटे तिसऱ्यावर. एकमेकांना सांगायचं ते पहिल्या मजल्यावरच्या ऑपरेटर बाईंना सांगत. "त्या शहाण्याला म्हणावं, गोडाऊनची किल्ली बापाची आहे का?" असं थोरले खेकसत. बाई बटण दाबून वर म्हणत, "साहेब, मोठ्या साहेबांना किल्ली लागणार आहे, सवडीनं पाठवा." वाक्यं अशी धुऊन, पिळून, वाळवून पोचवण्याचं काम बाई चोख करीत. म्हणून कंपनी चालली होती.

बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी माणूस घ्यायचा तर तो कोणाच्या ओळखीचा, यावर नवा तंटा उभा राहिला असता. तेव्हा माणसाऐवजी यंत्रणा घ्यायचं ठरलं आणि ते काम भाच्याकडे आलं. भाचा त्रेचाळीस वर्षांचा, कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळणारा. मालकांच्या एकुलत्या बहिणीचा मुलगा, त्यामुळे सगळे त्याला भाचेबुवा म्हणत. यात आदर किती आणि टिंगल किती, हे त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

पाहणी म्हणून तो एक दिवस बाईंच्या शेजारी वही घेऊन बसला. बोर्डवर एक तांबडा दिवा होता. तीनशे बारा लिफ्टमध्ये प्रत्येकी एक फोन. अडकलेल्या माणसानं बटण दाबलं की हा दिवा लागे.

सव्वादहाला लागला.

"आत किती जण आहात?" बाईंनी विचारलं. "एकट्याच? बरं. हातात पिशवी आहे का? खाली ठेवा. दिवा चालू आहे ना आतला? मग भिंतीला पाठ लावून बसा खाली. नाही हो, पडत नाही लिफ्ट, अडकली म्हणजे घट्ट धरून बसलीय. काय काय आणलंत बाजारातून?"

बोलता बोलता दुसऱ्या हातानं त्यांनी मेकॅनिकला निरोप दिला. बाजाराची यादी, नवऱ्याचं पथ्य आणि जावेचा स्वभाव होईपर्यंत तिकडे दार उघडलं. भाच्यानं लिहून घेतलं : कॉलचा कालावधी बावीस मिनिटं. सुधारणेस वाव.

मग तो मामांकडे गेला.

"एक्स्चेंजचं मशीन हलणार नाही," थोरले म्हणाले. "बाबांनी बसवलंय. वीज गेली तरी बॅटरीवर सहा तास चालतं. तुझ्या त्या इंटरनेटवरच्या क्लाउडचं काय, ढग तो! आज आहे, उद्या विरला."

"केबिनमध्ये एक्स्चेंज ठेवणारी आपण जगातली शेवटची कंपनी असू," धाकटे म्हणाले. "सगळं क्लाउडवर ने. आणि फोन उचलला की मेनू ऐकू आला पाहिजे. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. बाईचा गोड आवाज. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की मोठी कंपनी आहे."

भाच्यानं तीन आठवडे डोकं खाजवून आराखडा केला. त्यात एक चौकोन होता, एक ढग होता आणि दोघांना जोडणारा दुतोंडी बाण होता. दुसरा मजला जुन्या मशीनवर, तिसरा क्लाउडवर. याला हायब्रिड म्हणतात आणि बऱ्याच शहाण्या कंपन्या असं करतात, हे खरंच होतं. फक्त त्या विचार करून करतात. इथे भाऊबंदकीची वाटणी झाली होती आणि भाच्यानं तिला इंग्रजी नाव दिलं होतं.

तांबडा दिवा कोणाच्या वाट्याला, यावर मात्र घोडं अडलं. दोघांनाही हवा होता. शेवटी भाच्यानं तोही मधोमध कापला : लिफ्टमधला फोन आधी तीस सेकंद थोरल्यांच्या हेडक्लार्ककडे वाजेल, उचलला नाही तर धाकट्यांच्या मेनूवर जाईल. तातडीच्या मदतीसाठी एक दाबा. एक दाबलं की थेट मेकॅनिक. दोन्ही मामा खूश झाले. सहा वर्षांत पहिल्यांदाच एका कागदावर दोघांच्या सह्या आल्या. भाच्याच्या आईनं तो कागद हातात घेऊन डोळे पुसले.

बाईंनी तेवढं विचारलं, "भाचेबुवा, लिफ्टमध्ये उभं राहून एकदा फोन लावून बघितलात का?"

"सगळं टेस्ट केलंय बाई. माझ्या मोबाईलवरून. एक दाबलं की टाण्णकन मेकॅनिक."

बाई आणखी काही बोलणार होत्या, पण थोरल्यांचा दिवा लागला आणि त्यांना धाकट्यांसाठी एक वाक्य धुवायला घ्यावं लागलं.

शनिवारी नवी व्यवस्था सुरू झाली. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं, त्या घरी होत्या. भाचा तिसऱ्या मजल्यावर स्क्रीनसमोर बसला. अकरा वाजून बारा मिनिटांनी पहिला कॉल आला. खाली तीस सेकंद वाजला, मग मेनूवर आला. थोड्या वेळानं आणखी एक. मग आणखी एक. सव्वाअकरापर्यंत तीन, साडेअकरापर्यंत चौदा.

"बघ," धाकटे मामा खांद्यावरून वाकून म्हणाले, "आहे का नाही प्रतिसाद?"

भाच्यालाही क्षणभर बरं वाटलं. मग त्यानं नंबर पाहिले. चौदाही कॉल एकाच नंबरवरून होते. शेवटचे आकडे पंचेचाळीस-बारा. एकही मेकॅनिककडे गेला नव्हता.

क्लाउडचा एक फायदा असा की तिथे सगळं रेकॉर्ड होतं. त्यानं शेवटचा कॉल ऐकला. गोड आवाज म्हणाला, तातडीच्या मदतीसाठी एक दाबा. मागून एक म्हातारा आवाज आला.

"दाबलं हो. दाबलं. आणखी कुठे दाबू?"

मग खट्ट झालं आणि कॉल तुटला.

लिफ्टच्या फोनला आकडे नसतात. एकच बटण असतं. ते पुन्हा दाबलं की फोन बंद होतो आणि पहिल्यापासून लागतो. तीस सेकंद घंटी, गोड आवाज, एक दाबा. म्हातारबुवांनी चौदा वेळा सांगितलं तसं केलं होतं.

पंचेचाळीस-बारा म्हणजे कुठली इमारत? त्याच्या तक्त्यात पत्त्याचा रकाना होता. त्यात 'नंतर भरणे' असं लिहिलं होतं. पत्ते बाईंच्या वहीत होते आणि वही बाईंच्या टेबलाच्या खणात, कुलूप लावून ठेवलेली. त्यानं बाईंच्या घरी फोन लावला.

"पंचेचाळीस-बारा?" बाई म्हणाल्या. "नदीच्या पुलापलीकडची पिवळी इमारत. ती लिफ्ट चौथ्यावर अडकते. आत आजोबा असतील, पाचव्या मजल्यावरचे, अकराला वाचनालयात जातात. मेकॅनिकला पिटाळा आधी. आणि तो फोन माझ्याकडे वळवा."

"तुमचा डोळा, बाई…"

"डोळ्यानं बोलते का मी?"

फोन बाईंच्या घरी वळवायला भाच्याला दोन क्लिक लागले. इतकं सोपं होतं. जुन्या मशीनला हे जमलं नसतं. पण त्यासाठी आजोबांनी आणखी एकदा बटण दाबायला हवं होतं आणि त्यांनी दाबणं सोडलं होतं. स्क्रीन रिकामा होता. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाई फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तो वाजला नाही.

मेकॅनिक बारा वाजून पाच मिनिटांनी पोचला. आजोबा कोपऱ्यात बसले होते, पुस्तकं मांडीवर, शर्ट घामानं भिजलेला. धडधाकट होते.

"काही बोलले का?" भाच्यानं विचारलं.

"एवढंच म्हणाले, की चुकलंच माझं, मला नीट दाबता आलं नाही," मेकॅनिक म्हणाला. "पाचव्यापर्यंत जिना चढूनच गेले. धरू म्हटलं तर हात धरू देईनात."

सोमवारी भाचा हेडक्लार्ककडे गेला. "वाजत होता की," हेडक्लार्क म्हणाला. "पण साहेबांनी सांगितलं होतं, वाजू दे, वरचे उचलतील, त्यांना हौस आहे."

थोरले म्हणाले, "अडकला कुठे? ढगात. मशीनमध्ये नाही."

धाकटे म्हणाले, "खालच्यांनी उचलला असता तर मेनूपर्यंत गेलाच नसता."

दोघांचंही खरं होतं. आराखड्यावर त्या दोन सह्यांच्या खाली, 'आखणी' या शब्दापुढे, तिसरी सही भाच्याची होती. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. भाच्याला तेच सहन होईना.

त्यानं तांबडा दिवा परत पहिल्या मजल्यावर आणला आणि बाईंच्या खुर्चीत स्वतः बसला. हा कोणाचाच विजय नसल्यामुळे मामांनी हरकत घेतली नाही. आई मात्र कडाडली, "एवढा शिकलास तो फोन उचलायला?"

पट्टी निघाल्यावर बाई कामावर आल्या, त्यांनी हिरव्या चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं आणि वही पुढे सरकवली.

"पहिलं काय विचाराल?"

"काय झालं म्हणून."

"काय झालंय ते त्याला माहीत असतं हो. आत किती जण आहात, हे विचारायचं. मोजायला लागला की माणूस जरा जागेवर येतो. एकटा असला तरी मोजतो."

आजोबा त्या दिवसापासून खाली उतरले नव्हते. हे मेकॅनिकनं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता दिवा लागला. पंचेचाळीस-बारा.

"आत किती जण आहात?" भाच्यानं विचारलं.

"आत कोणी नाही," म्हातारा आवाज म्हणाला. "मी दारात उभा आहे. कोणी उचलतंय का बघत होतो."

"उचललं, आजोबा."

"नीट दाबलं ना?"

"नीट दाबलंत."

फोन ठेवला गेला. शुक्रवारी तेच. शनिवारी, सोमवारी तेच. दारात उभे, आत कोणी नाही, नीट दाबलं ना. मंगळवारी भाच्याला राहवलं नाही.

"आजोबा, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. बटण एकच आहे. दुसरं दाबायला काही नव्हतंच. ती व्यवस्था मी केली होती. मी लिफ्टमध्ये जाऊन बघितलंही नाही."



"ती 'एक दाबा' म्हणणारी बाई तुम्ही ठेवलीत?"

"हो. मी."

फोन ठेवला गेला.

बुधवारी अकराला दिवा लागला नाही. अकरा-दहालाही नाही. वरून थोरल्यांचा दिवा लागला, त्याच्या शेजारी धाकट्यांचा लागला. भाच्यानं दोन्ही तसेच लुकलुकू दिले. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा तांबडा लागला.

"आत किती जण आहात?"

मागून लिफ्टची घरघर ऐकू येत होती.

"एक," आजोबा म्हणाले. "चालू आहे ती. खाली पोचेपर्यंत ठेवू नका."

"नाही ठेवत," भाचा म्हणाला. "हातात काय आहे?"

"पुस्तकं. मुदत उलटून गेलीय."

"कुठली कुठली?"

आजोबा मोजायला लागले.