खुर्शीदभाऊंच्या सलूनातली उरलेली खुर्ची

घुग्घुसच्या खुर्शीदभाऊंच्या सलूनातली खुर्ची आहे मी. हसू नका. गावातल्या भल्याभल्यांना मी मान वर करून, डोळे मिटून, मुकाट बसलेलं पाहिलंय. हे भाग्य त्यांच्या बायकांनाही लाभलेलं नाही.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. आम्ही दोघी जुळ्या. लोखंडी अंग, लाल रेक्झिनची गादी. नव्वदच्या सुमाराला खुर्शीदभाऊंनी आम्हाला टेम्पोत घालून इथे आणलं. एकीवर गिऱ्हाइकाची दाढी चालायची, तोवर दुसरीवर पुढचा माणूस फेस लावून तयार. कोळसा खाणीची पाळी सुटली की बाकावर बसायला जागा नसायची.

खुर्शीदभाऊंचा हात हलका आणि तोंड जड. जड म्हणजे भरलेलं. घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा खर्रा ह्यांच्याही गालात, गिऱ्हाइकाच्याही. दोघं नुसतं ‘हूं, हूं’ करून अख्ख्या गावाच्या बातम्या सांगायचे आणि दोघांनाही त्या कळायच्या, बाई!

दोन हजार एक साली त्यांच्या गालात जखम झाली. भरेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. जबड्याचा तुकडा काढला, मग मशीनवर किरणांचे शेक दिले. सलूनाला कुलूप लागलं. उपचारापायी माझी बहीण विकली गेली. त्या दिवशी मी रडले. लोखंड रडत नाही म्हणतात, म्हणोत बापडे.

पुढच्या दिवाळीनंतर भाऊ परत आले. चेहरा एका बाजूला ओढलेला, बोलणं जाड, पण हात तोच! शटर उघडलं, उदबत्ती लावली, मला पुसलं आणि वाट पाहत उभे राहिले.

आणि काय सांगू आमच्या लोकांची माया! खाणीतला झिंगू, जुनं गिऱ्हाईक, मोसंबी घेऊन आला. “भाऊ, तुमी आराम करा. आमच्या दाढीचं काय, कुठीबी होऊन जाते.” एवढं बोलून गाल खाजवत समोरच्या, भैयाजीच्या नव्या सलूनात गेला. सगळ्यांचं तेच. मोसंबी आली, दर्ग्याचा धागा आला, बुद्धविहारातून तब्येतीची चौकशी आली. दाढी तेवढी आली नाही.

भाऊ आजारी होते तोवर निदान लोक विचारायचे, घर कसं चाललंय म्हणून. माणूस बरा झाला म्हणजे घरही आपोआप बरं झालं, असा त्यांचा समज. भाऊंची बायको जमीलाभाभी सलूनातच पडद्यामागे शिलाई मशीनवर साड्यांना फॉल-पिको करू लागली. एकदा तिला राहवेना.

“झिंगूभाऊ, मोसंबी खाऊन आमचे दात आंबले. कधी दाढी घेऊन या ना!”

“भाभी, त्याहिले तरास नको म्हणून...”

“रिकामं बसून तरास नाई होत का?”

झिंगू ओशाळला. दुसऱ्या दिवशी पपई घेऊन आला.

शेवटी मलाही विकायचं ठरलं. मी गेले म्हणजे धंदाच गेला. रविवारी सकाळी मला न्यायला खुद्द भैयाजी आला. बसून पाहिल्याशिवाय खुर्ची कोण घेतो? बसला, मागे रेलला, मान टेकवली. झालं! टेकलेली मान दिसल्यावर खुर्शीदभाऊंना आवरतंय थोडंच? फटकन कापड गळ्याभोवती, पाणी, ब्रश, फेस. भैयाजीनं काही बोलायला तोंड उघडलं, तर फेस आत गेला.

रस्त्यापलीकडे त्याच्याच सलूनातल्या बाकावर बसलेली गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. न्हावी स्वतःची दाढी कोणाकडून करून घेतो, ह्यापेक्षा मोठी पावती आमच्या धंद्यात नाही.

भैयाजी उठला. गालावरून हात फिरवला, मग परत फिरवला. म्हणाला, “खुर्ची राहू द्या, भाऊ. असा हात माहा नाई चालत.”

आता दोन हजार चार चालू आहे. पहिल्यासारखं नाही हो. दुपारनंतर भाऊंची मान दुखते, शटर खाली येतं. कमाई निम्मीच. माझ्या गादीला भाभीनं जुन्या पडद्याचं ठिगळ लावलंय. तरी मी आहे. तुमच्याही गावात असा कोणी बरा होऊन परतला, तर आराम करायचा की काम, ते त्याचं त्याला ठरवू द्या. तुम्ही आपलं काम घेऊन जा.

पण त्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलं. भैयाजी उठल्याबरोबर रस्त्यापलीकडून चार-पाच जण धावत आले. झिंगूच्या आधी त्याचा जोडीदारच माझ्यावर येऊन बसला. झिंगू चिडला. “भाऊ, माही आधी करा ना! मी जुना माणूस!”

खुर्शीदभाऊंनी वस्तऱ्यात नवी पात घातली. ओढलेल्या ओठांतून शब्द जडच निघाले, पण बाकाच्या टोकापर्यंत प्रत्येकाला कळले.

“थांब. नंबर आहे.”

पडद्यामागची मशीन थांबली. भाभी रडत होती. झिंगू मुकाट बाकावर जाऊन बसला.