लिटरला पंचवीस

ताईला त्या वर्षी गाडी हवी होती, ती ऐट मारायला नव्हे. शहराबाहेरच्या दवाखान्यात तिची बदली झाली होती. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. लिटरला अठराच्या खाली देणारी गाडी घेतली असती, तर नर्सची नोकरी सोडून घरी बसणंच परवडलं असतं. हिशेबाला तिने मला नेलं. घरात चिकट म्हणून माझंच नाव होतं.

सात गाड्या नापास केल्यावर आठवी निघाली एका घड्याळदुरुस्तीवाल्या काकांची. छोटी, निळी, पुसून लख्ख.

"पंचवीस द्यायची," काका एक डोळा बारीक करून म्हणाले. "पायात कला लागते. वर्षभर मात्र एकोणीसवर अडलीय. तीन मेकॅनिक झाले. इंजिन थकलं, म्हणून भाव पाडलाय. लपवाछपवी आपल्याला जमत नाही."

त्यांनी वही पुढे केली. तारीख, किलोमीटर, लिटर. आठ वर्षं काकूंचं टपोरं अक्षर, मग काकांचं मुंगीएवढं. अ‍ॅव्हरेज पडलं होतं ते नेमकं अक्षर बदललं त्या महिन्यात.

"ही गेली आणि गाडीनेही अंग टाकलं," काका म्हणाले.

मला शंका आली. पण गप्प बसून फायदा होत असेल, तर मी शंका बोलून दाखवत नाही.

ताईने नर्सच्या सवयीने गाडीतली प्रथमोपचाराची पेटी उघडली. बँडेजखाली पेट्रोलपंपाच्या पावत्यांची गड्डी. सगळ्या शनिवारच्या, प्रत्येकी तीन लिटर. वहीत एकीचीही नोंद नाही. मी मनातल्या मनात बेरीज केली. गाडी पहिल्यापासून एकोणीसच देत होती! धडधाकट गाडी आजाऱ्याच्या भावात! मी ताईच्या पायावर पाय दिला.

तिने पाय काढून घेतला. "काका, काकू शनिवारी गाडी न्यायच्या का हो?"

"वाचनालयात. ग्रंथपाल होती ना. यायला हमखास उशीर. म्हणायची, वाचक उठत नाहीत."

ताईने गड्डी त्यांच्या हातात ठेवली. काकांनी एकेक पावती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग वहीचं पहिलं पान उघडलं. मी ते पाहिलंच नव्हतं. तिथे एकोणीस होतं.

"तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो होतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून पंचवीस! गल्लीभर सांगत सुटलो. आणि ही बाई शेजारी उभी राहून मान डोलवायची." ते हसायला लागले आणि मध्येच थांबले.

पावत्यांबरोबर किल्लीही त्यांनी खिशात टाकली. "रागावू नको, पोरी. थकली म्हणून विकत होतो. ही तर ठणठणीत आहे."

बसथांब्यावर मी ताईला फैलावर घेतलं. "एक वाक्य गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"त्यांना जन्मभर वाटलं असतं," ती म्हणाली, "बायको गेली आणि पायातली कलाही गेली."

दोन महिने ती दोन बस बदलून कामावर गेली. मग एका बेकरीवाल्याची करडी गाडी मिळाली. साडेअठरा द्यायची. दारं मात्र दोनदा आपटल्याशिवाय लागायची नाहीत.